मुकी नोट, बोलकी नोंद

कपाट आवरताना जुन्या पाकिटातून एखादी अनोळखी नोट बाहेर पडली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘हिचे किती येतील?’’ नोट परदेशी असली तर दुसरा प्रश्न येतो, ‘‘ही कुठली?’’ तिसरा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही, ‘‘ही आपल्याकडे आली कशी?’’ ज्याला त्याचे उत्तर ठाऊक होते, तो माणूस बहुधा तोवर गेलेला असतो.

नोटांच्या छंदाची खरी गोडी या तिसऱ्या प्रश्नात आहे. नाणे सोन्याचांदीचे असले तर मोडीत घातले तरी त्याचे काही मोल येते. नोट म्हणजे शेवटी कागदाचा तुकडा. तिच्यावर काय छापले आहे ते वाचता आले आणि वाचलेले कुठे तरी टिपून ठेवले, तरच ती काही सांगू लागते. नाही तर पुढच्या पिढीच्या लेखी ती रंगीत रद्दी.

नोट कशी वाचायची हे शिकायला कोलकात्याइतके सोयीचे शहर नाही. नाणी-नोटांची आवड असणारे तिथे पुष्कळ आहेत. ‘न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ कलकत्ता’ ही संस्था ‘मुद्रा उत्सव’ नावाचे प्रदर्शनही भरवते. पण मुख्य कारण वेगळे आहे. आपल्याकडची कागदी नोट लहानाची मोठी झाली ती याच शहरात.

लालदिघीच्या काठी

कोलकात्यातल्या अलेक्झांडर अँड कंपनी या पेढीने १७७० मध्ये बँक ऑफ हिंदोस्तान काढली. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोटांमध्ये या बँकेच्या नोटांची गणना होते. पुढे १८०६ मध्ये बँक ऑफ कलकत्ता निघाली आणि १८०९ मध्ये ती बँक ऑफ बेंगॉल झाली. आजच्या स्टेट बँकेचे मूळ शोधत गेले तर ते इथे सापडते. बँक ऑफ बेंगॉलच्या ज्या जुन्या नोटा आज टिकून आहेत, त्यांत ३ सप्टेंबर १८१२ या तारखेची एक नोट आहे. ती आहे २५० सिक्का रुपयांची. अडीचशेची नोट ही कल्पनाच आज गमतीची वाटते. पण त्या काळी नोट व्यापाऱ्यांच्या मोठ्या देवघेवीसाठी असे. बाजारहाटाला जाणाऱ्या गृहिणीच्या हाती ती पडण्याचे कारण नव्हते.

या बँकेच्या पुढच्या नोटांवर मजकूर उर्दू, बंगाली आणि नागरी अशा तीन लिप्यांत येऊ लागला. नोट कोणाच्या हातात जाणार आहे, हे तिच्यावरच्या लिपीवरून असे ओळखता येते.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. कोलकात्याच्या डलहौसी चौकात, म्हणजे आजच्या बिनय-बादल-दिनेश बागेत, लालदिघी तलावाजवळ एक भव्य इमारत उभी आहे. ती १८३३ मध्ये बांधलेली. तिथे १८६८ मध्ये सरकारचे चलन कार्यालय आले आणि इमारतीला ‘करन्सी बिल्डिंग’ हेच नाव पडले. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा तिचे पहिले मध्यवर्ती कार्यालयही कोलकात्यातच होते. १९३७ मध्ये ते कायमचे मुंबईला हलले.

एवढा इतिहास पाहिलेल्या या वास्तूचे पुढे काय झाले? १९९० च्या दशकात ती चक्क पाडायला घेतली होती. जाणत्या लोकांनी आवाज उठवला म्हणून पाडकाम थांबले. तोवर मधल्या दालनावरचे घुमट गेले होते. नंतर पुरातत्त्व खात्याने उरलेला भाग सावरला आणि जानेवारी २०२० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. इमारतीची ही गत, तर बोटभर जाडीच्या आल्बममधल्या कागदांची काय कथा!

अर्ध्या नोटेची गोष्ट

सुरुवातीच्या सरकारी नोटांची एक मोठी अडचण होती. देशाची विभागणी वेगवेगळ्या चलन-मंडळांत केलेली होती : कोलकाता, मुंबई, मद्रास आणि पुढे रंगून, कानपूर, लाहोर, कराची. ज्या मंडळाची नोट, त्याच मंडळात ती वटवण्याचा हक्क. १९०३ ते १९११ या काळात ५, १०, ५० आणि १०० रुपयांच्या नोटा टप्प्याटप्प्याने सगळीकडे चालू लागल्या, तेव्हा कुठे ही अडचण दूर झाली.

त्या काळी टपालाने पैसे पाठवताना लोक एक युक्ती करत. नोटेचे मधोमध दोन तुकडे करायचे. एक अर्धा आज पाठवायचा. तो पोहोचल्याचे पत्र आले, की दुसरा अर्धा रवाना करायचा. वाटेत कोणी एक पाकीट लांबवले तरी त्याच्या हाती अर्धी नोट लागणार, आणि अर्ध्या नोटेचा उपयोग शून्य. दोन्ही तुकडे मिळाले की घेणारा ते जोडून वटवत असे.

आता अशी मधोमध जोडलेली जुनी नोट नवशिक्याच्या हाती आली, तर तो म्हणणार, ‘‘फाटकी आहे, टाकून द्या.’’ जाणकार मात्र भिंग घेईल, काप सरळ आहे का ते पाहील, दोन्ही अर्ध्यांवरचा क्रमांक जुळतो का ते तपासील आणि वहीत लिहील : ‘टपालासाठी कापून पुन्हा जोडलेली.’ या चार शब्दांनी त्या फाटक्या कागदाची किंमत ठरते. पैशांची राहू द्या. जाणण्याची तरी नक्कीच.

सही सांगते साल

नोटेवर साल छापलेले असेलच असे नाही. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली. ती पाच रुपयांची होती आणि तिच्यावर राजे सहावे जॉर्ज यांचे चित्र होते. त्या मालिकेवर तारीख नाही. मग नोट कोणत्या काळातली हे ओळखायचे कसे? गव्हर्नरच्या सहीवरून.

पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. ते गेल्यावर नोटा निघाल्या. सुरुवातीच्या नोटांवर सही आहे ती जेम्स टेलर यांची. त्यांच्यानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी पहिले भारतीय गव्हर्नर आले, ते आपले चिंतामणराव देशमुख. ते जून १९४९ अखेरपर्यंत त्या पदावर होते. म्हणजे सहाव्या जॉर्जच्या नोटेवर देशमुखांची सही दिसली, की ती याच सहा वर्षांतली. त्या काळाच्या पोटात बंगालचा दुष्काळ आहे, महायुद्धाचा शेवट आहे, स्वातंत्र्य आहे आणि फाळणीही आहे. आणखी एक मराठी नाव म्हणजे भा. ना. आडारकर. १९७० च्या मे-जूनमध्ये जेमतेम सहा आठवडे ते गव्हर्नर होते. त्यांच्या सहीच्या नोटा त्यामुळेच संग्राहक आवर्जून शोधतात.

फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानसाठीही नोटा आपल्याकडेच छापल्या जात होत्या. नाशिकच्या छापखान्यातल्या त्याच नोटा, त्यांच्यावर इंग्रजीत आणि उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ अशी जादा अक्षरे. समजा, अशी एखादी नोट कोलकात्यातल्या एखाद्या घरी निघाली. दुकानदाराला तिचा भाव सांगता येईल. पण पूर्व बंगालमधून येताना ती कोणाच्या कनवटीला होती, ती खर्चायची राहून का गेली, हे फक्त त्या घरातल्या आजीला माहीत असते. आजीने सांगितले आणि कोणी लिहून घेतले, तर ती नोट त्या घराचा इतिहास. नाही तर दहा रुपयांची आणखी एक जुनी नोट.

डोंगरातले एक राज्य

घरच्या नोटा वाचण्याची सवय झाली, की परदेशी नोटाही वाचता येऊ लागतात. अगदी ज्या देशाचे नावही कानावर पडलेले नाही, त्याच्यासुद्धा. उदाहरण म्हणून आफ्रिकेतले लेसोथो हे छोटेसे राज्य घेऊ.

नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटात, चारही बाजूंनी वेढलेला हा देश. क्षेत्रफळ सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढे. सगळा मुलूख डोंगराळ. समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या खाली तिथे जमीनच नाही. या राज्याचा मूळ पुरुष मोश्वेश्वे पहिला. त्याने १८२४ च्या सुमारास थाबा बोसिऊ नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर आपले ठाणे केले आणि लढायांनी विखुरलेल्या टोळ्यांना तिथे आसरा देऊन एक राष्ट्र उभे केले. गडाच्या आधाराने राज्य उभे राहणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. पुढे शेजारच्या बोअर लोकांपासून मुलूख वाचवण्यासाठी त्याने १८६८ मध्ये ब्रिटिशांचे संरक्षण घेतले. कोलकात्याच्या करन्सी बिल्डिंगमध्ये चलन कार्यालय आले तेही याच वर्षी.

लेसोथो १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, तरी व्यवहारात चलन मात्र दक्षिण आफ्रिकेचे ‘रँड’च राहिले. स्वतःच्या नोटा आल्या त्या १९८० च्या सुरुवातीला. नोटांवर साल आहे १९७९. नाण्याचे नाव ‘लोटी’. एक असेल तर लोटी, अनेक असतील तर ‘मालोटी’. आपण एक रुपया, दोन रुपये म्हणतो तसेच. शंभरावा भाग ‘सेन्टे’ आणि त्याचे अनेकवचन ‘लिसेन्टे’. आपल्याकडेही नोटेवर हिंदीत ‘रुपया’ लिहायचे की ‘रुपये’, यावर एके काळी चर्चा झडली होती आणि १९५३ च्या सुमारास अनेकवचनाची बाजू जिंकली. लेसोथोची पहिली मालिका २, ५ आणि १० मालोटीची. तिच्यात एक लोटीची नोटच नव्हती. तेव्हा १९७९ ची ‘एक लोटी’ म्हणून कोणी नोट विकायला आणली, तर हात आखडता घ्यावा. व्याकरणसुद्धा असे उपयोगी पडते!

बँकेच्या नावावरूनही काळ कळतो. पहिल्या नोटांवर ‘लेसोथो मॉनेटरी ऑथॉरिटी’ असे नाव आहे. १९८२ मध्ये या संस्थेची ‘सेंट्रल बँक ऑफ लेसोथो’ झाली आणि पुढच्या नोटांवर ते नाव आले.

आता नोटांवरचे चेहरे पाहा. १९७९ च्या नोटांवर तेव्हाचे राजे मोश्वेश्वे दुसरे आहेत. १९९० मध्ये लष्करी राजवटीने त्यांना पदच्युत केले. ते परदेशात आणि गादीवर त्यांचाच मुलगा लेत्सी तिसरा, असा पेच उभा राहिला. १९९४ च्या मालिकेत चित्र दिसते ते ना वडिलांचे, ना मुलाचे. बसलेला मोश्वेश्वे पहिला, घराण्याचा मूळ पुरुष. जानेवारी १९९५ मध्ये मुलगा बाजूला झाला आणि वडील पुन्हा गादीवर आले. पण वर्षभरातच, १५ जानेवारी १९९६ रोजी, डोंगरी रस्त्यावर मोटारीला झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. लेत्सी पुन्हा राजा झाला. आणि २०१० च्या मालिकेत तिघेही एकाच नोटेवर आले : मूळ पुरुष, वडील आणि मुलगा.

लोटीची किंमत रँडच्या बरोबरीने बांधलेली आहे आणि लेसोथोत रँडही चालतो. मग या छोट्या राज्याने आपली वेगळी नोट काढलीच कशाला? त्याची आर्थिक कारणे आहेतच. पण नोटेवरचा राजा, नोटेवरची भाषा आणि नोटेवरचा डोंगर आपला असावा, हेही कारण लहान नाही.

याच भागात एस्वातिनी नावाचे दुसरे छोटे राज्य आहे. २०१८ पर्यंत त्याचे नाव स्वाझीलँड होते. १९७४ पासून तिथे ‘लिलांगेनी’ हे चलन आहे. त्याचे अनेकवचन ‘एमालांगेनी’. तिथल्या जुन्या नोटेची नोंद करताना देशाचे नाव काय लिहावे? नियम सोपा आहे. नोटेवर जे छापले आहे तेच आधी लिहावे. आजचे नाव त्याच्यापुढे वेगळे लिहावे. नोटेला तिच्या काळातच राहू द्यावे.

वहीतले एक पान

चांगल्या नोंदीला मोठी विद्वत्ता लागत नाही. दोनशे पानी वही, फूटपट्टी, भिंग आणि खिडकीतला उजेड एवढे पुरते. एका नोटेला एक पान द्यावे आणि क्रमाने लिहीत जावे :

देश आणि नोट काढणाऱ्या बँकेचे नाव, जसे छापले आहे तसे. किंमत. साल किंवा तारीख. नसेल तर सही कोणाची. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये. पुढच्या आणि मागच्या बाजूचे चित्र, रंग, भाषा. उजेडात धरल्यावर दिसणारे जलचिन्ह आणि धागा. पूर्ण क्रमांक, अक्षरांसकट. नोटेची अवस्था : कोरी, एका घडीची, वापरलेली, की फाटलेली. अवस्था लिहिताना आपल्या नोटेचे लाड करू नयेत. घडी असेल तर घडी आहे असेच लिहावे. अल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने जगभरच्या नोटांची सूची केली. तिच्यातला ‘पिक क्रमांक’ सापडला तर तोही टिपावा, म्हणजे जगातल्या कोणत्याही संग्राहकाला नोट नेमकी कोणती ते कळते.

आणि शेवटची ओळ : कोणाकडून मिळाली, केव्हा, कुठे. ही ओळ कोणत्याही सूचीत छापलेली नसते. ती फक्त घरच्या माणसालाच लिहिता येते.

मुलांना हा छंद लावायचा असेल तर आफ्रिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. खिशातली नोट काढावी. मागच्या बाजूला भाषांची पट्टी आहे. तिच्यात पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. वरून आठव्या ओळीत मराठी सापडते. २००५ पासून मागे छपाईचे सालही असते. क्रमांकात मध्येच चांदणी दिसली, तर ती छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली घातलेली नोट. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसते, अर्थसचिवांची असते. अर्ध्या तासाचा खेळ आहे, आणि खर्च काहीच नाही, कारण नोट पुन्हा खिशात जाते. कोलकात्याला जाणे झाले तर काउन्सिल हाऊस स्ट्रीटवरच्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयाकडे मुलांना अवश्य न्यावे. ते २०१९ मध्ये सुरू झाले आहे.

जपावे कसे, सावध कुठे राहावे

नोटांचे सर्वांत जास्त नुकसान होते ते प्रेमापोटी. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे, सुरकुत्या घालवायला इस्त्री फिरवणे, कायम टिकावी म्हणून लॅमिनेशन करणे, पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवणे. यांतले काहीही करू नये. चिकटपट्टीचा डाग जन्मभर जात नाही. स्वस्त, वास येणारे प्लास्टिकचे कप्पे काही वर्षांनी चिकट होतात; त्यांच्याऐवजी पॉलिएस्टरचे पारदर्शक कप्पे घ्यावेत. कोलकाता असो की कोकण, दमट हवेत बुरशी आणि कसर हे कागदाचे दोन वैरी. पावसाळा संपला की आल्बम उघडून सावलीत वारा द्यावा.

कायद्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा आठवण म्हणून भरमसाट ठेवता येत नाहीत. २०१७ च्या कायद्याप्रमाणे कोणालाही अशा एकूण दहापर्यंत नोटा बाळगता येतात. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे.

आणि ‘जुनी पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिरातींपासून दूर राहावे. या व्यवहारात आधी ‘शुल्क’ आणि ‘कर’ म्हणून पैसे मागितले जातात, आणि ते भरले की समोरचा गायब होतो. अशा लोकांनी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर खुलासा केला, की ती असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा दलाली घेत नाही. ज्याने आपल्या नोटेची नीट नोंद केली आहे तो अशा जाळ्यात सहसा सापडत नाही. आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

तेव्हा पुढच्या वेळी कपाटातून जुनी नोट बाहेर पडली, की भाव विचारण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ जाऊन बसावे. नोट त्यांच्या हातात द्यावी आणि विचारावे, ‘‘ही आपल्याकडे आली कशी?’’ वही-पेन्सिल मात्र सोबत न्यावी.